जुनं घर, दुरुस्तीचा खर्च आणि एकच कर्ज : अमेरिकेतलं २०३(के) समजून घेताना

अमेरिकेत पहिलं घर शोधायला लागलं की दोन-चार शनिवार-रविवारच्या ओपन हाउसमध्येच चित्र स्पष्ट होतं. चकाचक किचन आणि नवं छप्पर असलेलं घर बजेटच्या बाहेर जातं. बजेटमध्ये बसतं ते १९५०च्या आसपासचं घर. जागा मोक्याची असते, शाळा चांगली असते, पण तळघरातला बॉयलर शेवटच्या घटका मोजत असतो आणि छपरावरच्या शिंगल्स कडेने वर वळलेल्या असतात. घर आवडलेलं असतं, हप्ताही झेपणार असतो. पण डाउन पेमेंट भरल्यावर दुरुस्तीसाठी हातात काही उरणार नसतं.

त्याहून मोठी अडचण पुढे असते. कमी डाउन पेमेंटचं, सरकारी हमीचं साधं कर्ज अशा घराला बहुतेक वेळा मिळतच नाही. अशा कर्जाला हमी देणारी सरकारी संस्था म्हणजे एफएचए. एफएचए कर्जासाठी येणारा अप्रेझर घराची किंमत काढतो आणि ते घर राहायला सुरक्षित व धडधाकट आहे का, हेही बघतो. खिडकीच्या खालच्या पट्टीवर रंगाचे पोपडे सुटलेले दिसले की तो थांबतो, फोटो काढतो. घर १९७८च्या आधीचं असेल, तर त्या रंगात शिसं आहे असंच धरलं जातं, कारण घरांसाठी शिसेयुक्त रंग अमेरिकेत १९७८ साली बंद झाला. रांगतं मूल ते पोपडे तोंडात घालू शकतं, म्हणून हा नियम कडक आहे आणि तो असायलाच हवा. छपराचं आयुष्य निदान दोन वर्षं उरलेलं हवं. घर गरम ठेवण्याची सोय चालू स्थितीत हवी. यातलं काही नसेल तर अहवालात लिहून येतं : आधी दुरुस्ती, मग कर्ज.

विकणारा म्हणतो, ‘आहे तसं घ्या, मी एक डॉलरही घालणार नाही.’ दुसऱ्याच्या घरावर विकत घेण्याआधी खर्च करणं तुमच्या दृष्टीने वेडेपणाचं. सौदा तिथेच फिसकटतो आणि रोख पैसे असलेला एखादा गुंतवणूकदार ते घर घेऊन जातो. सहा महिन्यांनी तेच घर रंगरंगोटी करून लाखभर डॉलर जास्त किमतीला बाजारात येतं. ही कोंडी फोडायला अमेरिकी कायद्यात एक वाट आहे : ‘नॅशनल हाउसिंग अॅक्ट’चं कलम २०३(के). बोलताना लोक ‘टू-ओ-थ्री-के’ म्हणतात. ती वाट नीट माहीत नसल्यामुळे चांगली घरं आपल्या लोकांच्या हातून जातात, म्हणून हा लेख.

सरकारी हमी म्हणजे नेमकं काय

फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, १९३४ साली महामंदीच्या काळात सुरू झाली. त्याआधी अमेरिकेत घरकर्ज म्हणजे तीन ते पाच वर्षांची मुदत आणि जवळपास निम्मी रक्कम आधी हातावर, असा मामला होता. एफएचए स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बँक किंवा मॉर्गेज कंपनी देते. तुम्ही हप्ते थकवलेत तर तिचं नुकसान एफएचए भरून देते. या विम्याच्या भरवशावरच ३.५ टक्के डाउन पेमेंटवर लेंडर, म्हणजे कर्ज देणारी बँक किंवा कंपनी, दार उघडतो. याच संस्थेने १९६०च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या घरांना हा विमा नाकारला, हेही इथे सांगायला हवं. अनेक शहरांतली जुनी घरं पैशाअभावी पडीक होत गेली, त्यात या धोरणाचा वाटा मोठा आहे. तसल्याच जुन्या घरांच्या दुरुस्तीला आज हीच संस्था हमी देते.

२०३(के)मध्ये घराची खरेदी आणि दुरुस्ती दोन्ही एकाच कर्जात, एकाच व्याजदराने, एकाच क्लोजिंगमध्ये, म्हणजे सह्या होऊन घर नावावर होण्याच्या व्यवहारात, बसतात. याचं मर्म अप्रेझलमध्ये आहे. अप्रेझर घर पाहतो, कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन पाहतो आणि काम झाल्यावर घराची किंमत काय असेल ते काढतो. आज पडक्या दिसणाऱ्या घराला त्याच्या उद्याच्या किमतीचा आधार मिळतो. पोपडे आणि गळकं छप्पर तेव्हा कर्जाच्या आड येत नाहीत. ती कामं दुरुस्तीच्या यादीत चढतात.

याचे दोन प्रकार आहेत. मोठ्या कामांसाठी ‘स्टँडर्ड’. भिंत पाडायची, पाया सावरायचा, खोली वाढवायची असेल तर हाच घ्यावा लागतो. त्यात निदान ५,००० डॉलरचं काम हवं आणि सरकारमान्य कन्सल्टंट नेमणं सक्तीचं आहे. किरकोळ ते मध्यम कामांसाठी ‘लिमिटेड’. बहुतेक घरांना हाच पुरतो, त्यामुळे पुढचं सगळं मुख्यतः त्याबद्दल.

लिमिटेडची मर्यादा कित्येक वर्षं ३५,००० डॉलरवर अडकली होती. नवं छप्पर आणि हीटिंग-कूलिंग एवढ्यातच ती संपायची. नोव्हेंबर २०२४पासून ती ७५,००० डॉलर झाली आणि काम पुरं करायला नऊ महिने मिळू लागले. तुमच्या ओळखीत कुणी ‘त्यात काही भागत नाही’ असं सांगत असेल, तर तो बहुधा जुन्या मर्यादेबद्दल बोलतोय.

लिमिटेडमध्ये छप्पर, पन्हळी, फर्नेस, बॉयलर, एसी, प्लंबिंग, वायरिंग, खिडक्या-दारं, फरशी, रंग, किचन कॅबिनेट, बाथरूम, इन्सुलेशन, फ्रिज-स्टोव्हसारखी उपकरणं हे सगळं चालतं. आई-वडील वर्षातले काही महिने येऊन राहणार असतील तर त्यांच्यासाठी जिन्याला आधाराचे कठडे, बाथरूममध्ये पकडायचे दांडे, रुंद दारं हीसुद्धा मान्य कामं आहेत. चालत नाही ते असं : घराच्या सांगाड्याला हात लावणारं काम, भार पेलणारी भिंत हलवणं, खोली वाढवणं, नवा स्विमिंग पूल, निव्वळ बागकाम आणि फार दिवस घर रिकामं ठेवावं लागेल असं कुठलंही काम. काँडो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, असेल तर फक्त आतली कामं.

आकडे घालून बघू

समजा, घर ३ लाख २० हजार डॉलरला ठरलंय. छपराला १६,०००, फर्नेस आणि एसीला १४,०००, किचन आणि फरशीला १२,०००, असं ४२,००० डॉलरचं काम आहे. जुन्या घरात भिंत उघडली की काय निघेल सांगता येत नाही, म्हणून दहा टक्के, म्हणजे ४,२०० डॉलर, राखीव ठेवले. या कर्जासाठी लेंडर एक जादा फी लावू शकतो : दुरुस्ती खर्चाच्या दीड टक्का किंवा ३५० डॉलर, यातली जास्त असेल ती. इथे ती ७०० डॉलरच्या आत-बाहेर. परमिट, तपासण्या वगैरे धरून दुरुस्तीचा एकूण आकडा ४८,००० डॉलर झाला असं समजू.

घर आणि दुरुस्ती मिळून ३ लाख ६८ हजार. अप्रेझर म्हणतो, काम झाल्यावर घर ३ लाख ८५ हजारांचं होईल. नियम असा : खरेदी अधिक दुरुस्ती, किंवा दुरुस्तीनंतरच्या किमतीच्या ११० टक्के, यातला लहान आकडा धरायचा. इथे ३ लाख ६८ हजार लहान. त्याचे ९६.५ टक्के, म्हणजे ३ लाख ५५ हजार १२० डॉलर कर्ज मिळेल. डाउन पेमेंट १२,८८० डॉलर, क्लोजिंगचा खर्च वेगळा. दुरुस्ती न धरता हेच घर घेतलं असतं तर डाउन पेमेंट ११,२०० डॉलर झालं असतं. म्हणजे सोळा-सतराशे डॉलर जास्त घालून ४८ हजारांच्या दुरुस्तीची सोय झाली.

या सोयीची किंमतही आहे, आणि ती कुणी जाहिरातीत ठळक लिहीत नाही. एफएचए विम्याचा हप्ता दोन पदरी असतो. सुरुवातीला कर्जाच्या १.७५ टक्के, आपल्या उदाहरणात सुमारे ६,२१५ डॉलर. हे सहसा कर्जातच मिळवतात. शिवाय दरवर्षी साधारण ०.५५ टक्के, म्हणजे महिन्याला १६३ डॉलरच्या आसपास. डाउन पेमेंट दहा टक्क्यांहून कमी असेल तर हा वार्षिक हप्ता कर्ज संपेपर्यंत सुटत नाही. दहा टक्के किंवा जास्त भरलंत तर अकरा वर्षांनी सुटतो. साध्या कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेल्या, कर्जात घरातला तुमचा वाटा २० टक्क्यांवर गेला की विमा बंद करायला सांगता येतं. इथे तसं नाही. म्हणून बरेच जण चार-पाच वर्षांनी, व्याजदर आणि घराची किंमत अनुकूल असेल तेव्हा, कन्व्हेन्शनलमध्ये रिफायनान्स करून, म्हणजे नवं कर्ज घेऊन जुनं फेडून, यातून बाहेर पडतात. ते डोक्यात ठेवूनच हे कर्ज घ्यावं.

दुसरा हिशेब मुदतीचा. दुरुस्तीपोटी कर्जात आलेली रक्कम सुमारे ४६,३२० डॉलर. व्याज साडेसहा टक्के धरलं तर तिचा तीस वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण २९३ डॉलर. तेच पैसे १३ टक्क्यांच्या पाच वर्षांच्या पर्सनल लोनने उभे केले तर महिन्याला १,०५० डॉलरच्या पुढे. पहिल्या वर्षी कुठला झेपेल हे सांगायला नको. पण तीस वर्षांत त्या २९३च्या हप्त्यातून एकूण व्याज जातं ५९,००० डॉलरच्या आसपास, आणि पर्सनल लोनवर सुमारे १७,०००. फर्नेस पंधरा-वीस वर्षांत बदलावा लागेल. २०३(के)चे हप्ते तेव्हाही चालूच असतील. माझं म्हणणं असं की हप्ता कमी ठेवायला हे कर्ज घ्या, पण हात मोकळा झाला की दरमहा मुद्दलात थोडी भर घाला. एफएचए कर्ज लवकर फेडल्याबद्दल दंड नसतो.

कोणाला मिळतं, कोणाला नाही

क्रेडिट स्कोअर ५८० असेल तर ३.५ टक्के डाउन पेमेंट चालतं. ५०० ते ५७९ असेल तर दहा टक्के. हे झाले एफएचएचे नियम. प्रत्यक्षात बरेच लेंडर ६२० किंवा त्याहून वरचा स्कोअर मागतात. घर एक ते चार कुटुंबांचं चालतं, बांधून निदान एक वर्ष झालेलं हवं आणि तुम्ही स्वतः तिथे राहायला हवं. भाड्याने द्यायच्या किंवा डागडुजी करून लगेच विकायच्या घराला हे मिळत नाही. मात्र दोन कुटुंबांचं घर घेऊन एका भागात स्वतः राहिलात आणि दुसरा भाड्याने दिलात तर चालतं. जर्सी सिटीसारख्या ठिकाणी, जिथे अशी जुनी जोडघरं भरपूर आहेत, तिथे हा पर्याय जरूर तपासावा. कर्जाला कमाल मर्यादाही आहे, ती काउंटीप्रमाणे बदलते. २०२५ साली एका कुटुंबाच्या घरासाठी ती स्वस्त भागांत ५ लाख २४ हजार २२५ आणि महागड्या भागांत १२ लाख ९ हजार ७५० डॉलर होती.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. मार्च २०२५मध्ये सरकारने नियम बदलला आणि २५ मे २०२५पासून तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना एफएचए कर्ज बंद झालं. एच-वनबी, एल-वन, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा वर्षं उभे असलेले, सगळे यात आले. पूर्वी एच-वनबीवर हे कर्ज मिळायचं, त्यामुळे मित्रांचे जुने अनुभव ऐकून धावपळ करू नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तरच ही वाट खुली आहे. वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या, इथेच मुलं वाढवणाऱ्या कुटुंबांना पहिल्या घराच्या या दारातून बाहेर काढणं मला अन्यायाचं वाटतं.

व्हिसावर असणाऱ्यांनी मग फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या लेंडरांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या दोन कंपन्यांच्या, अनुक्रमे ‘होमस्टाइल रिनोव्हेशन’ आणि ‘चॉइस रिनोव्हेशन’ या कर्जांची चौकशी करावी. कल्पना तीच : खरेदी आणि दुरुस्ती एकत्र, किंमत काम झाल्यानंतरची. कायदेशीर वास्तव्य असलेल्या व्हिसाधारकांना तिथे मज्जाव नाही. क्रेडिट मात्र चांगलं लागतं आणि लेंडर व्हिसाची उरलेली मुदत, नोकरीची शाश्वती बारकाईने बघतो. विमा पुढे बंद करता येतो, हा तिथला मोठा फायदा. ग्रीन कार्डवाल्यांचा स्कोअर ७२०-७४०च्या पुढे असेल तर त्यांनीही २०३(के)वर सही करण्याआधी हे कोटेशन घेऊन दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवावेत.

डाउन पेमेंटसाठी भारतातून आई-वडिलांनी पैसे दिले तर एफएचएला ते चालतात. फक्त ही भेट आहे, परत करायची नाही, असं लेखी पत्र लागतं आणि पैसा कुठल्या खात्यातून कुठे आला याचा सलग माग लागतो. क्लोजिंगच्या आठवड्यात पैसे मागवले तर हे कागद जमवताना तारांबळ उडते. दोन-तीन महिने आधी मागवा.

पैसा कॉन्ट्रॅक्टरपर्यंत कसा पोचतो

दुरुस्तीचे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. क्लोजिंगला विकणाऱ्याला घराची किंमत जाते आणि दुरुस्तीची रक्कम लेंडरकडे एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त या कामासाठी राखलेल्या खात्यात, राहते. लिमिटेडमध्ये एका कॉन्ट्रॅक्टरला साधारणपणे दोनदाच पैसे सुटतात. पहिल्यांदा काम सुरू होण्याआधी, सामान आणायला, फार तर निम्मे. उरलेले सगळे काम पुरं झाल्यावर. काम क्लोजिंगनंतर तीस दिवसांत सुरू व्हायला हवं आणि मध्ये सलग तीस दिवसांपेक्षा जास्त बंद पडता कामा नये.

घर घेणाऱ्याच्या दृष्टीने ही शिस्त वरदान आहे, कारण अर्धं काम टाकून पळणाऱ्याला पळवाट राहत नाही. पण चांगल्या, हातात भरपूर काम असलेल्या कॉन्ट्रॅक्टरला ही पद्धत आवडत नाही. त्याला दर आठवड्याला कामगारांचे पैसे द्यायचे असतात आणि इथे शेवटचा चेक तपासणी होऊन, कागद फिरून मग निघतो. माझ्या पाहण्यात २०३(के) जिथे रखडतं तिथे कारण बहुतेकदा हेच असतं. व्याजदर किंवा स्कोअर क्वचितच. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला पहिल्याच फोनवर सांगा की काम २०३(के)चं आहे, पैसे दोन टप्प्यांत मिळतील. तिथेच तो चाचरला तर दुसरा शोधा. परवाना आणि विमा दोन्ही असलेलाच हवा. मामेभावाचा ओळखीचा सुतार कितीही हुशार असला तरी कागद नसतील तर लेंडर त्याला मान्य करणार नाही.

कोटेशन कसं असावं, हेही बघून ठेवा. ‘किचन : १२,००० डॉलर’ अशी एक ओळ लिहिलेला कागद लेंडरकडून परत येतो. त्याला हवं असतं ते असं : जुनी कॅबिनेट काढून टाकणं, मजुरी इतकी, नवी वरची आणि खालची कॅबिनेट, नग इतके, सामान इतकं, काउंटरटॉप, लांबी इतकी, सिंक आणि नळ, जोडणीसह इतके, परमिटची फी इतकी. सामान आणि मजुरी वेगवेगळी, घराचा पत्ता वर, सही खाली. परमिटचा विषय कॉन्ट्रॅक्टर ‘बघू नंतर’ म्हणून टाळत असेल तर ऐकू नका. न्यू जर्सीतल्या बऱ्याच गावांत घर विकताना अंतिम तपासणी होऊन बंद न झालेलं परमिट निघालं की दंड आणि भिंत उघडून दाखवण्याची पाळी मालकावर येते.

लिमिटेडमध्ये कन्सल्टंट सक्तीचा नाही. तरीही दुरुस्ती ४०-५० हजारांच्या पुढे जात असेल आणि तुम्हाला बांधकामातलं फारसं कळत नसेल, तर नेमा. तो घर फिरून कामाची यादी आणि वाजवी किमती लिहून देतो, आणि मग कॉन्ट्रॅक्टरने फुगवलेला आकडा लगेच नजरेत येतो.

काम संपल्यावर शेवटच्या चेकवर सही करण्याआधी कॉन्ट्रॅक्टरकडून लीन वेव्हर, म्हणजे घरावर बोजा चढवण्याचा हक्क सोडल्याचं पत्र, घ्या, त्याच्या हाताखालच्या प्लंबर-इलेक्ट्रिशियनकडूनही. मुख्य कॉन्ट्रॅक्टरने त्यांचे पैसे बुडवले तर ते तुमच्या घरावर बोजा चढवू शकतात, तुम्ही पूर्ण पैसे दिलेले असले तरी. राखीव ठेवलेली रक्कम उरली तर तिचं काय? ती कर्जातून आली असेल तर मुद्दलातून वजा होते, किंवा लेंडरच्या मंजुरीने आणखी एखाद्या कामाला वापरता येते. तुम्ही खिशातून भरली असेल तर परत मिळते.

घर आधीच आपलं असेल तर

२०३(के) रिफायनान्ससाठीही मिळतं, पण तिथे घाई नको. २०२०-२१ साली तीन टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळालेल्यांनी ३० हजारांच्या छपरासाठी पूर्ण कर्ज नव्या, चढ्या दराने पुन्हा लिहून घेणं म्हणजे मोठा तोटा. मूळ कर्जाला हात न लावता होम इक्विटीवर, म्हणजे घराच्या किमतीतून कर्ज वजा जाता उरणाऱ्या आपल्या वाट्यावर, वेगळं कर्ज काढणं बहुधा स्वस्त पडतं. घरात इक्विटी कमी असेल तर एफएचएचीच ‘टायटल वन’ नावाची दुरुस्ती-कर्जाची योजना आहे. एका कुटुंबाच्या घराला २५,००० डॉलरपर्यंत, वीस वर्षांपर्यंतच्या मुदतीने. मूळ कर्ज त्यात तसंच राहतं.

खरेदीसाठी २०३(के) घ्यायचं ठरलं, तर लेंडर निवडताना व्याजदराच्या आधी एक प्रश्न विचारा : गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः अशी किती कर्जं क्लोज केलीत? ‘आमची कंपनी करते’ हे उत्तर पुरेसं नाही. साधं एफएचए कर्ज करणारे गल्लोगल्ली आहेत, पण २०३(के)चे कागद ज्याने हाताळलेले नाहीत, त्याच्याकडे क्लोजिंग दोन-तीन आठवडे सहज लांबतं आणि तेवढ्यात विकणारा मागे फिरतो. अमेरिकी गृहनिर्माण खात्याच्या वेबसाइटवर लेंडरांची यादी आहे. त्यात अलीकडे २०३(के) केलेले लेंडर वेगळे निवडता येतात. तुमच्या काउंटीतले तीन काढा, तिघांना एकाच दिवशी फोन करा, आणि खरेदीच्या करारात क्लोजिंगला निदान ४५ ते ६० दिवस मागून घ्या.